शह बसल्यावरचा किल्लेकोट

मॅनेजरसाहेबांनी माझा राजा दोन बोटांनी उचलला आणि होता तिथे परत ठेवला. मग हत्ती उचलून कोपऱ्यात ठेवला. माझी चाल माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकली.

"एकदां शह बसलो म्हणजे किल्लेकोट गेलो," ते म्हणाले. "म्हाका आज्यान शिकयलां."

मी म्हटलं, शह आला होता, पण मी मध्ये घोडा घातला. राजा जागचा हललेला नाही, हत्तीही नाही. आता शह नाही. मग किल्लेकोट करता येतो. राजा दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो. एवढंच केलं होतं मी.

"घाटार चलता आसत अशें. हांगा ना."

कँटीन हसलं. मी चंदगडची. लग्नानंतर घाट उतरून इकडे आले, कारापूरला भाड्याच्या खोलीत राहते. डिचोलीजवळच्या औषधाच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहायचे, कंत्राटावर. अकरा वर्षं झाली. घाटावरची, घाटी, हा टोमणा बाजारात ऐकलाय, बसमध्ये ऐकलाय. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्यांदाच ऐकला.

कारखान्याच्या वार्षिक स्पर्धेचा पंच म्हणून पर्सनल खात्याचा अधिकारी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. साहेबांचं तोंड पाहिलं आणि मान हलवली. झाला निकाल.

साहेबांचं एवढ्यावर भागलं नाही. "राजाक हात लायलो मगे? आतां राजाच हालय."

आणि मी हलवला. एक घर, बाजूला. हत्ती कोपऱ्यात कोंडला गेला. पुढच्या आठ-दहा चालींत मात. हा डाव जिंकले असते तर मी अंतिम डावात गेले असते. अंतिम डाव खेळणाऱ्या दोघांना कारखान्याच्या संघात घेतात. त्या संघात आजवर एकही कंत्राटी माणूस गेलेला नाही. मी जाणार होते.

आमचा सुपरवायझर बेळगावकडचा, आपलाच माणूस. बाहेर येऊन हळूच म्हणाला, "वैनी, कशाला वाढवताय? खेळच आहे." भांडायला अंगात जीव लागतो. आठ तास उभं राहून तो पायांतून निघून गेलेला असतो.

संध्याकाळी भाकरी थापताना शाळेतले गुरुजी आठवले. त्यांनीच आम्हा मुलींना खेळायला शिकवलं होतं. ते सांगायचे, जुन्या देशी खेळात किल्लेकोट नव्हता. राजाला घोड्यासारखी एक उडी मिळायची, एकदाच. त्याआधी शह बसला तर उडी गेली. लोकांनी तोच नियम किल्लेकोटाला चिकटवला. म्हणजे साहेबांचे आजोबा खोटं बोलत नव्हते. ते दुसराच खेळ खेळत होते. हे कळलं आणि मला साहेबांची थोडी कीवही आली. माणूस चुकतो, असं मी स्वतःला समजावलं. दमलेल्या माणसाला असली समजूत बरी वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अंतिम डाव होता. साहेब आणि अकाउंट्सचे अधिकारी. मी ताट हातात घेऊन मागे उभी होते. साहेबांच्या राजाला शह आला. त्यांनी मध्ये उंट घातला. दोन चालींनंतर राजा उचलला, दोन घरं सरकवला आणि हत्ती पलीकडे ठेवला.

चाल मान्य झाली. पंच गालात हसत होता.

म्हणजे नियम साहेबांना माहीत होता. आजोबा फक्त माझ्यासाठी होते.

मी ताट खाली ठेवलं. "साहेब, ही चाल बरोबर आहे. काल माझीबी बरोबर होती."

साहेबांनी वर पाहिलं. "तें वेगळें."

"कसं वेगळं?"

पंचाने मला कामावर जायला सांगितलं. सुट्टीची वीस मिनिटं अजून शिल्लक होती. मी तिथेच उभी राहिले. डाव संपेपर्यंत. पायात गोळे आले, तरी उभी राहिले. साहेब जिंकले. टाळ्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात मला पट्ट्यावरून काढलं आणि ड्रम धुवायला लावलं. कारण कोणी सांगितलं नाही. हात फुटतात, सोड्याने आग होते. रात्री झोप लागत नाही. साहेबांवरचा राग कधीच विझला. स्वतःचाच येतो. नियम मला पाठ होता आणि तरी मी राजा हलवला. कोणी हात धरला नव्हता माझा. त्यांनी म्हटलं आणि मी हलवला.

यंदा स्पर्धेची नोटीस लागली तशी मी यादीत नाव लिहिलं. काल सुपरवायझर आला. म्हणाला, वैनी, नाव खोडा, कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. पेनसुद्धा पुढे केलं त्याने.

मी पेन घेतलं नाही. नाव मी लिहिलंय, मी खोडणार नाही. ज्याला खोडायचं असेल त्याने खोडावं आणि खाली स्वतःची सही करावी.