भाजक उलटा का करायचा

सव्वीस मुलांपैकी एकवीस जणांनी एकच कारण लिहिलं होतं. ‘कारण बाईंनी सांगितलं.’

बाई म्हणजे मी. आटपाडी तालुक्यातल्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते. यंदा शाळेला दहा टॅब मिळाले आणि त्यांच्यात गणिताचं एक ॲप आलं. ते नुसतं उत्तर तपासत नाही. उत्तराखाली एक रिकामी चौकट असते: ‘हे असं का केलंस?’ मुलांनी आळीपाळीनं तिथं आपल्या शब्दांत कारण लिहायचं. ते वाचून ॲप सांगतं, कुठवर पटलं आणि कुठं अडलं. सगळ्यांचं लिहिलेलं माझ्या टॅबवर मला दिसतं.

त्या दिवशीचं उदाहरण साधं होतं. दोन भागिले दोन तृतीयांश. मुलांनी मी शिकवल्याप्रमाणे भाजक उलटा केला, दोनला तीन छेद दोनने गुणलं, उत्तर आलं तीन. सगळ्यांचं बरोबर. चौकटीत मात्र ते वाक्य, आणि त्याखाली ॲपचा प्रश्न: ‘उत्तर बरोबर आहे. पण भाजक उलटा करून गुणलं की बरोबर उत्तर का येतं?’

पुढच्या बाकावरची एक मुलगी वैतागली. घरची मेंढरं आहेत तिच्या, आणि बोलायला कुणाला भीत नाही.

“आवं बाई, ह्ये लय खोदून खोदून इचारतंय. तुमीच सांगा की, का उलटं करायचं?”

“उद्या सांगते. घंटा झाली.”

“घंटा कुठं झाली, बाई?”

वर्ग हसला. घंटेला अजून दहा मिनिटं होती. मी फळा पुसायला वळले आणि पुसलेलाच फळा परत पुसला.

मला उत्तर येत नव्हतं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. म्हसवडला शाळेत सरांनी ‘उलटा आणि गुणा’ एवढं सांगितलं, मी ते पाठ केलं. का, असं विचारलं नाही. सर रागावले असते असं नव्हे. फार मायाळू होते, त्यांनीच मला जुनी पुस्तकं आणून दिली. पण सांगितलेलं समजलं नाही तर घरी दुसऱ्यांदा सांगणारं कुणी नव्हतं. पाठ करणं भरवशाचं वाटे. पुढे साताऱ्याला कॉलेजातही सिद्धता मी स्वल्पविरामासकट पाठ केल्या. गणितात पदवी मिळाली, पहिला वर्ग मिळाला. वडिलांनी गावभर पेढे वाटले. आणि तेव्हापासून एक धास्ती माझ्या मनात बसली. कधीतरी कुणीतरी ‘का’ विचारील, आणि आपलं शिक्षण वरवरचं आहे हे सगळ्यांना कळेल.

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसले, पटावर नसलेला सत्ताविसावा क्रमांक टाकला आणि विद्यार्थिनी म्हणून ॲपमध्ये शिरले. तेच उदाहरण घेतलं. कारण लिहिलं: ‘भाजकाच्या गुणाकार व्यस्ताने गुणावे.’

‘हे त्या रीतीचं नाव झालं,’ ॲपनं लिहिलं. ‘तू रोज हाताळतेस अशी एखादी वस्तू घेऊन सांगता येईल का?’

कित्येक वर्षांनी मला कुणी अगंतुगं करून शिकवत होतं. राग यायला हवा होता, पण बरं वाटलं.

मी भाकरी घेऊन पाहिली, जमलं नाही. दोरी घेतली, गोंधळ वाढला. मग आठवली बाटली. लहानपणी आई गेलेल्या कोकरांना आम्ही शेळीचं दूध बाटलीनं पाजायचो. दोन लिटर दुधात तीन बाटल्या भरायच्या, म्हणजे एका बाटलीत दोन तृतीयांश लिटर. एक लिटरच दूध निघालं तर एक बाटली भरून आणि दुसरी निम्मी. माझी आई विचारायची, “किती कोकरं भागत्याल गं?” आणि मी खेळता खेळता सांगायची, “दीड.”

दीड. म्हणजे तीन छेद दोन!

उलटा केलेला भाजक म्हणजे एका लिटरात किती बाटल्या, एवढंच. दोन लिटर असतील तर त्याला दोनने गुणायचं. मी घाईघाईनं लिहिलं. ॲपनं पुन्हा अडवलं: ‘छान. पण दुसरी बाटली निम्मीच भरते, हे बाटली न पाहिलेल्याला कसं पटवशील?’

आता मला अडायचं कारण नव्हतं. लिटरचे तीन सारखे भाग करा. बाटलीत दोन भाग मावतात, उरतो एक, आणि एक हा दोनाचा निम्मा.

‘आता कारण पूर्ण झालं,’ उत्तर आलं. मी बाकावर मागं रेलले. पाठीवरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं झालं. जे मला येत नाही म्हणून मी इतकी वर्षं लपवत होते, ते शाळेत जायच्या आधीच मला येत होतं.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. वर्गात गेल्या गेल्या सांगून टाकलं. “काल घंटा झाली नव्हती. मला उत्तर येत नव्हतं.”

तीच मुलगी उठली.

“म्हंजी तुमाला बी येत न्हवतं?”

“नव्हतं.”

“मग तुमाला पास कुणी केलं वं?”

“उत्तरं बरोबर असायची ना माझी. तुमच्यासारखीच.”

वर्ग खदखदून हसला, आणि मीही. कारण मी सांगितलं नाही. बाटली आणि एक लिटर दूध तेवढं दिलं, भाजक बदलून बाटली पाऊण लिटरची केली. बराच गलका झाला. शेवटी ती मुलगी टॅबवरून मान वर न करता म्हणाली, “एक भरून, आन् वर दुसरीचा तिसरा हिस्सा.” चार छेद तीन. तिचं कारण पहिल्या खेपेला पटलं नाही, दुसऱ्या खेपेला पटलं.

सगळ्यांचं जमलं असं नाही. एकानं लिहिलं होतं, ‘कारण बाईंनी बाटलीचं सांगितलं.’

पुढच्या आठवड्यात मधल्याच बाकावरून कुणीतरी विचारलं, शून्यानं का भागायचं नाही? मी घड्याळाकडे पाहिलं. तासाची वीस मिनिटं शिल्लक होती.

“मला नीट सांगता येणार नाही,” मी म्हटलं, “बघू या,” आणि खडू उचलला.