बंद मशीनला वर झालेलं बोट

आवाज आला की बोट वर करायचं, एवढीच ती परीक्षा. शांतारामभाऊंचं बोट दर वेळी वर होत होतं, अगदी बारीक आवाजालाही.

ऑडिओमेट्री म्हणजे कानाची तपासणी. पेशंट काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतो, मी बाहेरून मशीनची बटणं दाबते. आजी झाले तरी निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात हेच करते.

माझ्या शेजारी भाऊंची बायको, सुनंदावहिनी. नवऱ्याला तपासायला त्यांनीच आणलं होतं. पायाशी कपड्यांची पिशवी. कान चांगले निघाले, तर इथूनच गणेशपुरीला, माहेरी.

"म्हंजे ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "पाठीमागनं हाक मारली तर दगड होतो मानूस. मुद्दामच ना, मॅडम?"

मला पटेना. उभा जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेला, नि कान एवढे शाबूत? मी बटण न दाबता नुसता हात हलवला. बोट वर. मशीनच बंद केलं, हात हलवला. बोट वर.

भाऊंच्या समोर स्टीलचं कपाट होतं. त्यात त्यांना माझा हात दिसत होता. लूमवर कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. माणसं ओठ नि हात बघून बोलतात. भाऊ इथेही तेच करत होते.

वहिनींना बंद मशीन दाखवलं.

भाऊंना बाहेर बोलावून समोर बसवलं. "बायको तुम्हाला माजोरडा म्हणते ते चालतं, मग बहिरा म्हटलेलं का चालत नाही?"

भाऊंनी विचार केला. "माजोरड्याला लोक टरकून असतात, मॅडम. बहिऱ्याला हसतात."

आता यांना काय रागावणार? मला मुलगा बघायला आला तेव्हा आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, चष्मा उशीखाली दडवला होता. लाजत पोहे दिले नि गोड हसल्या, त्या मुलाच्या मामाकडे बघून. सासरचे खूश. म्हणे, मुलगी सोज्वळ आहे, मुलाकडे मान वर करून बघत नाही. अहो, दिसला असता तर बघितलं असतं ना.

हे सांगितलं. भाऊ माझे ओठ वाचत मामापर्यंत पोचले नि खो-खो हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"म्हंजे वरसभर मी एकटीच भांडत व्हते," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "हिकडं बघा. मी माहेरी जाऊ का घरी येऊ?"

"घरी," भाऊ म्हणाले. पिशवीही त्यांनीच उचलली.

आता ते कानात मशीन घालतात. वळ गावी भावकीत लग्न असलं की मात्र ते खिशात जातं, नि मान कधी डोलवायची ते वहिनी कोपराने सांगतात.

मी ते कपाट हलवलं, खुर्ची भिंतीकडे वळवली. नवा पेशंट मला कितीही आवडला तरी त्याचं तोंड भिंतीकडेच.

परवा नातीच्या लग्नाचे फोटो आले. एकात मी चष्मा काढून मंडपाच्या खांबाकडे बघत गोड हसते आहे.