माझ्या तळहातावर विझलेली सिगारेट

मालकाने पेटती सिगारेट माझ्या उजव्या तळहातावर दाबली. ओसरीवर गोंदियाचे पाहुणे बसले होते. आत मुर्गा शिजत होता.

"दुखते का रे बुढ्या?"

"नाही मालक."

"पाहा! याच्यावर इज पडली, तवापासून हात मुर्दा आहे."

एक पाहुणा हसला. "सच में? फिर से दिखाओ ना!"

चामडी जळल्याचा वास मुर्ग्याच्या वासात मिसळला. मला दुखलं नाही. हा हात असाच आहे. विळ्याची धार कळत नाही, विस्तव कळत नाही. अन् थंड पाणी लागलं की खांद्यापर्यंत आग.

वीज पडली ती धान रोवण्याच्या दिवसांत. नवेगाव बांधाकडची, याच मालकाची धानाची बांधी. मी चिखलात पालथा. बायको त्याच्या पाया पडली, "जीप काढा जी, दवाखान्यात नेऊ."

"जीप कायले? शेणात गाडा. शेण इज ओढून घेते."

गावाचा रिवाजच तसा. आमच्याच बौद्धपुऱ्यातल्या माणसांनी मालकाचा उकिरडा खोदला अन् मला गळ्यापर्यंत पुरलं. वर फक्त मुंडकं. तोंडावर माशा. मालकाची पोरं पाहायला आली, खिदळली. जीप समोरच उभी होती. मान वळत नव्हती, म्हणून दिवसभर तिच्याकडेच पाहत राहिलो.

पुढे सरकारी डॉक्टर म्हणाले, "नसा जळल्या बाबा. शेणानं काय होते? तवाच आणायचं होतं."

मालकाने दुसरी सिगारेट पेटवली अन् माझा हात ओढला, तेव्हा त्याच शेणाचा वास माझ्या नाकात आला. मी मुर्दा हाताखाली त्याचं मनगट दाबलं. जित्या हाताने सिगारेट हिसकली. त्याच्या तळहातावर टेकवली. विझेपर्यंत. मालक डुकरासारखा किंचाळला.

"दुखते ना जी मालक? म्हंजे तुमचा हात जिता आहे."

मग मालकाने अन् पाहुण्यांनी मला अंगणात लाथांनी तुडवलं. दात पडले. काम तुटलं. माफी मागितली नाही.

पोरगा म्हणतो, "बाबा, आता हे भांडण सोडून दे." काऊन सोडू?

गावाला सांगून ठेवलं आहे. यापुढे वीज कोणावरही पडो, उकिरड्यावर फावडं उचलणाऱ्याने ते आधी माझ्यावर चालवावं. माणूस मालकाच्या जीपमधून दवाखान्यात जाईल. चावी दिली नाही, तर काच फोडीन. याच हाताने. याला काच लागलेली कळत नाही.