औषध न घेणारा बायो

आमच्या यशवंतपूरच्या घराच्या माडीवर अडीच वर्षं राहिलेला बायो फार्मसी कॉलेजात शिकत होता, आणि स्वतः डोकेदुखीची साधी गोळीही घेत नव्हता. त्याच्या टेबलावर औषधांची जाडजूड पुस्तकं असत आणि खिडकीत प्रार्थना केलेल्या पाण्याच्या बाटल्या. अभ्यासात हुशार होता. मी एकदा विचारलं, "उद्या दुकान टाकून लोकांना गोळ्या विकणार, मग स्वतः का नाही घेत?" तो हसला. "अक्का, खाटीक सगळं मांस स्वतःच खातो का?"

त्याचं पूर्ण नाव अदेबायो. नायजेरियातल्या योरुबा लोकांपैकी तो. १९९०च्या दशकात बंगळुरात असे बरेच विद्यार्थी असायचे आणि त्यांना खोली मिळता मिळत नसे. बाबांनी दिली ती आईमुळे. आई रत्नागिरीची, तिकडे लाडक्या मुलीला 'बायो' म्हणून हाक मारतात. एवढा सहा फुटी माणूस आपलं नाव बायो सांगतोय म्हटल्यावर ती पदराआड हसली, आणि किल्ली देऊन मोकळी झाली. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, पण आईशी तो रस्त्यावर उचललेलं कन्नड बोलायचा. तिला 'अम्मा' म्हणायचा, मला शेजाऱ्यांचं ऐकून 'अक्का'. आमचा गॅस सिलिंडर एका खांद्यावर आत आणून द्यायचा. आईला दम्याचा झटका आला की तिच्या उशाशी बसून पुटपुटत राहायचा, आणि खरंच तिची धाप बसायची. औषधाचा पंप तिनं आधीच ओढलेला असे, हे मी दोघांनाही ऐकवायची. "अम्मा, पंप स्वल्प, देव पूर्ती," असं तो म्हणायचा, म्हणजे पंप थोडा, देव पुरेपूर. आईला ते फार आवडायचं.

रविवारी तो घोट्यापर्यंतचा पांढरा झगा घालून अनवाणी निघायचा. त्याच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी शाळेचा एक हॉल भाड्यानं घेतला होता. तिथं ती मंडळी गायची, नाचायची, कुणाला दृष्टान्त झाला तर तो ओरडून सांगायची. बायोला दृष्टान्त होत. त्या तीसेक माणसांत त्याला मान होता तो त्यामुळेच. इथपर्यंत मला तो माणूस मनापासून आवडत होता, हे कबूल करायला हवं.

दोन वर्षांनी त्याची धाकटी बहीण रोन्के आली. कॉम्प्युटरचा कोर्स करायला. बावीस वर्षांची, हसरी, आईबरोबर भाजी निवडत बसणारी. एका गुरुवारी ती खाली आली नाही. मी ऑफिसातून आल्यावर आईनं मऊ भात देऊन मला वर पाठवलं. रोन्के चटईवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. उजव्या कुशीवर हात दाबलेला. चादरीवर ओकारी सुकली होती आणि खोलीत मेणबत्तीच्या धुरात मिसळलेला आंबूस वास. बायो उपास धरून भिंतीशी गुडघ्यांवर बसला होता, हातात छोटी घंटा.

"हे काय आहे तुला कळतंय ना?" मी विचारलं.

"कळतंय. अपेंडिक्स."

इतक्या शांतपणे म्हणाला, की माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं होतं त्याला माहीत नसेल.

"मग उठ, डॉक्टरकडे नेऊ."

"नाव कळलं म्हणजे रोग कळला असं नसतं, अक्का." आणि मग त्यानं मला त्यांच्या पंथाची जन्मकथा सांगितली. रोन्के कण्हत होती आणि हा गोष्ट सांगत होता. आजीच्या लहानपणी इन्फ्लुएंझाची साथ आली. गोऱ्यांचे दवाखाने बंद झाले, चर्चला कुलपं लागली, गावच्या वैद्यांचे तोडगे हरले. तेव्हा काही साधी माणसं एकत्र जमली, उपास केले, पाण्यावर प्रार्थना करून ते आजाऱ्यांना पाजलं. आजी त्या पाण्यावर जगली. "तेव्हापासून आम्ही ना डॉक्टरचं घेतो, ना मांत्रिकाचं. दोन्हीकडे हात पसरणाऱ्याला देव ओळखत नाही. काल मला रोन्के हिरव्या कपड्यांत चालताना दिसली. ती उठणार."

त्याचे डोळे भरून आले होते. ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंग्याला दरडावता येतं.

मी खाली येऊन बाबांना सांगितलं. बाबा कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, दिवसभर लोकांना हुकूम द्यायचे. ते म्हणाले, "दुसऱ्यांच्या धर्मात आपण पडू नये." खरं कारण पोलिसांची भीती, परदेशी माणूस, उद्या काही झालं तर जबाब कोण देणार. आणि मी? मी शुक्रवारी ऑफिसला गेले. पंथाची मला किळस आहे ती आहेच, पण त्या शुक्रवारी मी टेबलाशी बसून चहा प्यायले, याची अधिक आहे.

शनिवारी सकाळी आई वर गेली. रोन्केनं तिचा पदर धरला आणि म्हणाली, "अम्मा, टॅबलेट." एवढंच. आई जिन्यातूनच ओरडली, "रिक्षा आण!" आम्ही दोघींनी तिला अक्षरशः उचलून खाली आणलं. बायोनं अडवलं नाही. मदतही केली नाही. दारात उभा राहून घंटा वाजवत राहिला.

जवळच्या नर्सिंग होममध्ये काउंटरवरच्या बाईनं रोन्केकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "आफ्रिकन? आधी एड्सची टेस्ट. रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत." रिपोर्ट सोमवारी. मी भांडले, आई हात जोडत होती. डॉक्टर काचेआडून बघून आत गेले. बाकावर बसलेल्या बायका नाकाला पदर लावून दूर सरकल्या. अर्धा तास तिथं गेला. शेवटी सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण सर्जननं काही न विचारता तासाभरात ऑपरेशन केलं. बाहेर येऊन म्हणाला, "आत फुटलंय. दोन दिवस आधी का नाही आणलं?" आईनं मान खाली घातली, जणू तिनंच लपवून ठेवलं होतं.

रोन्के पाचव्या दिवशी गेली.

दफनाला सगळी पांढऱ्या झग्यातली मंडळी होती. सुंदर गायली. कबरीपासून परत येताना बायो आईजवळ आला आणि हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाला, "अम्मा, ती बरी होत होती. तुम्ही तिला प्रार्थनेतून उचलून नेलंत. सुरी लागली म्हणून देवानं हात काढून घेतला."

मी त्याच्या तोंडावर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला. रागावला नाही.

आई मात्र ते वाक्य घेऊन घरी आली. जेवण तुटलं, झोप गेली. भाजी निवडता निवडता मध्येच विचारायची, "खरंच थांबायला हवं होतं का गं?" मी अपेंडिक्सचं चित्र काढून तिला समजावलं. सर्जनकडे घेऊन गेले. तोही बिचारा पंधरा मिनिटं तिच्याशी बोलला. ती "हो, हो" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

महिन्याभरानं बायो खोली सोडून गेला. शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी निघाला होता. सामान रिक्षात चढलं, तेव्हा आई बाहेर आली आणि मी थांबवायच्या आत त्याच्यासमोर फाटकातच गुडघ्यांवर बसली. माझी साठीची, सांधे दुखणारी आई. "तप्पायितु, बायो," म्हणाली. चूक झाली.

त्यानं तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. डोळे मिटले. बराच वेळ त्याच्या भाषेत काही म्हणत राहिला आणि मग कन्नडमध्ये म्हणाला, "सरी, ठीक आहे, अम्मा. देवानं माफ केलं. मीही केलं."

आईचा चेहरा उजळला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, दुपारी गाढ झोपली, आणि पुढं जगली तितकी वर्षं तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. महिनाभर खरं सांगून मला जे जमलं नव्हतं, ते त्या माणसानं एका खोट्यानं केलं. तिला इतकं हलकं झालेलं बघून मी मोरीत गेले आणि ओकले.