गोष्ट अर्ध्यावर सोडून उठणारी बाई

बातमी आली तेव्हा मी मसोलीच्या माझ्या क्लासमध्ये एका मुलीवर डाफरत होतो. क्लास जर्मनचा. डहाणू-तलासरीकडची नर्सिंग शिकलेली मुलं-मुली जर्मनीत नोकरीला जायचं म्हणून माझ्याकडे येतात आणि मी त्यांचा मनसोक्त छळ करतो. फोन बिर्गिटचा होता. कॉलेजात असताना विद्यार्थी-अदलाबदलीत मी वर्षभर जर्मनीत ज्या घरी राहिलो, त्या घरातली ही मुलगी. "आई गेली," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यातही तुझ्या नावाने खडे फोडत होती." म्हणजे बाईंची स्मरणशक्ती शाबूत होती. मला फार बरं वाटलं...

त्याला आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. हा नियम ज्याने केला तो फ्राउ क्लाइनच्या, म्हणजे बिर्गिटच्या आईच्या, घरी राहिलेला नसणार.

त्यांना खरं तर मुलगी हवी होती, बिर्गिटला सोबत म्हणून. पाठवलं मला. स्टेशनवर त्यांनी मला असं न्याहाळलं, जसं आमच्याकडे बायका बाजारात पापलेटचा कल्ला उघडून बघतात. माल पसंत पडला नव्हता, पण परत करायची सोय नव्हती. आमची नरपडला चिकूची वाडी. आईने निघताना मुद्दाम कच्चे चिकू पेंढ्यात गुंडाळून दिले होते, पोचेपर्यंत पिकतील म्हणून. तिच्या हिशेबी मी बहुतेक गलबताने जात होतो. तिथल्या थंडीत ते दगडच राहिले. मी अंघोळ करून येतो तो बाईंनी एक चिकू धुऊन सफरचंदासारखा सरळ दाताने फोडला होता. कच्च्या चिकूचा चीक ज्याच्या ओठाला लागलाय त्याला पुढचं सांगायला नको. ओठाला ओठ चिकटले. बाई माझ्यावर ओरडत होत्या आणि आवाज फक्त नाकातून येत होता. त्यांचे यजमान वर्तमानपत्रामागे गदगदा हलत होते. लग्नानंतरचा तो सर्वांत शांत दिवस होता, असं त्यांनी मला पुढे हळूच सांगितलं.

चिकू कचऱ्यात गेले. मी ते उचलून आणले आणि घरातली उबदार जागा शोधून, गरम पाण्याच्या नळाशेजारच्या कपाटात, पांढऱ्या कपड्यांच्या घड्यांमध्ये लपवले. काय पिकले म्हणून सांगू... पण ज्या कापडावर पिकले तो बाईंच्या आईने स्वतः भरतकाम केलेला टेबलक्लॉथ होता. तपकिरी डाग त्यांनी खिडकीशी धरून पाहिले आणि त्या दिवसापासून रीतसर युद्ध सुरू झालं.

युद्धाचे नियम त्यांचे. मला त्या वर्षभर 'तुम्ही' म्हणाल्या. घरातल्या मांजराला 'तू' होतं. रात्रीच्या जेवणाला मी जर्मनमधून काहीतरी सांगायचं, आणि ते ऐकवेल असं सांगायचं. मी कॉलेज, बस, हवा असं काहीबाही सांगू लागलो की बाई "कंटाळवाणं" म्हणायच्या, ताट उचलायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. वाक्य माझ्या तोंडात लटकलेलं. यजमान आणि बिर्गिट बिचारे माझ्याकडे बघत बसायचे. माणूस असा अपमान किती दिवस गिळणार? त्या वर्षात मला जर्मन नको होती, पदवी नको होती. एकदा, फक्त एकदा, ही बाई माझी गोष्ट संपेपर्यंत खुर्चीवर बसलेली मला बघायची होती.

म्हणून मी नरपडचा समुद्र बाहेर काढला. वादळं आणली, भुतं आणली. शेवटी मामाला आणलं. मामा होडीतून पडतो, सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या, माणसाएवढ्या घोळ माशाची शेपटी धरतो आणि मासा त्याला ओढत ओढत किनाऱ्याला आणतो... बाईंचा काटा हवेत थांबला. मी मनात गुलाल उधळला. आणि मासा वाळूत आला, नेमक्या त्या क्षणी त्या उठल्या. "कंटाळवाणं." दार लागलं. मी हट्टाने भिंतीला ऐकवत गोष्ट पुरी केली: मामा घोळ विकतो आणि नवी होडी घेतो. निरोपाच्या दिवशीही मी स्टेशनवर काहीतरी सांगत होतो आणि त्या वळून चालू लागल्या.

पुढे बरीच वर्षं गेली. यजमान वारले आणि बाई एकदा, न विचारता, डहाणूला येऊन थडकल्या. नरपडच्या ओटीवर त्या आणि माझी आई समोरासमोर बसल्या. मधे मी, दुभाष्या. बाईंनी पिशवीतून तो टेबलक्लॉथ काढून आईच्या मांडीवर ठेवला. "तुमचा डाग आहे. तुम्ही काढा." आई डाग चोळून म्हणाली, "हा मरेपर्यंत जात नाय, सांग तिला." आणि मग बाई मामाची गोष्ट सांगू लागल्या. सुरुवातीपासून. माझ्याच वादळासकट. माझीच गोष्ट मी आईला मराठीत सांगत होतो. शेवटी त्यांचा मामा घोळ समुद्रात सोडून देतो.

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला मामा कुठनं आला रे?" मग म्हणाली, "मामा नाय तर नाय. पण हाती लागलेली घोळ कोण सोडतंय?"

मी भाषांतर केलं, "आई म्हणते, छान आहे."

"खोटं," बाई म्हणाल्या. "मामाही खोटा. ते मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. खोटं बोलताना तुमचं तोंड फार वाईट दिसतं. ते समोर असलं की गोष्ट बिघडते. म्हणून मी आत जायची. नळ बंद करून दारामागे उभी राहायची." आणि वर, "शेवट तुमचा टाकाऊ होता. मी दुरुस्त केला."

जाताना हात मिळवला नाही. टेबलक्लॉथ मात्र मागे राहिला.

तो आता माझ्या क्लासच्या टेबलावर असतो. बिर्गिटच्या फोननंतर मी त्या मुलीला, तलासरीच्या सुनीताला म्हटलं, चालू दे पुढे. ती आपल्या आजीची आणि हरवलेल्या बकरीची गोष्ट सांगत होती. गोष्ट अगदी रंगात आली तेव्हा मी "कंटाळवाणं" म्हणून उठलो. आतल्या खोलीत चहा उकळत होता, त्याखालचा गॅस बंद केला. दाराला पाठ लावून उभा राहिलो. बाहेर सुनीता दातओठ खात, मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने, पुढे सांगत होती. या आजीने बकरी सोडून दिली तर मात्र मी बाहेर जाऊन भांडणार होतो...