आकडा भरला

महिन्याची बावीस-तेवीस तारीख आली की चष्म्याच्या त्या एवढ्याशा दुकानाच्या दारावर एक पाटी लागायची. ‘आकडा भरला.’ नव्या माणसाला वाटायचं, आत सट्टा चालतो. एक पोलीस तर खरंच चौकशीला आला होता. दुकान चालवणाऱ्या मावशींनी त्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या चष्म्याची डुगडुगणारी काडी घट्ट करून दिली आणि मगच पाटीचा अर्थ सांगितला. या महिन्याला मला लागतात तेवढे पैसे मिळाले. आता महिनाअखेरपर्यंत ज्याला परवडत नाही त्यानं यावं, भिंग मला जेवढ्याला पडतं तेवढे द्यावेत, मजुरी नाही. पोलीस मान डोलावून गेला आणि दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन आला.

आता ही मजुरी काही साधीसुधी नव्हती. मावशींच्या हाताला तोड नव्हती, हे मी उगाच सांगत नाही. गोल भिंग ओल्या दगडी चाकावर धरून त्या फ्रेमच्या आकाराला घासायच्या. चाकावर वरून पाण्याचे थेंब पडत राहायचे आणि मावशींचे डोळे भिंगावर नसायचेच, त्या आवाजावर घासायच्या. गरम वाळूच्या भांड्यात फ्रेम क्षणभर खुपसून नरम करायची, बाहेर काढायची, भिंग अंगठ्यानं दाबायचं, टक्. बसलं की बसलं. मोठ्या दुकानांतून यंत्रावर कापून आणलेली भिंगं महिन्याभरात फ्रेममधून उडी मारतात आणि मग ते लोक मावशींकडे येतात, मान खाली घालून. मावशी त्यांना चार शब्द सुनावल्याशिवाय सोडत नसत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, हेही सांगून टाकलेलं बरं.

आकड्याची गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. नवरा अचानक गेला, तेव्हा मावशी एकतीस वर्षांच्या आणि लेक सात वर्षांची. मागे राहिलं दुकान आणि त्याच्या वरच्या दोन खोल्या. पहिलं वर्षभर मावशी सकाळी सातपासून दिवे लागून दुकानं बंद होईपर्यंत चाकावर बसल्या. पैसे येत होते, पण पुरतात की नाही हेच कळत नव्हतं, म्हणून थांबता येत नव्हतं. भीतीला काही मोजमाप असतं का? एका रविवारी लेकीनं विचारलं, ‘आई, आपल्याला किती लागतात?’ मग दोघी वहीचं पान घेऊन बसल्या. लेक एकेक गोष्ट मोठ्यानं बोलायची आणि मावशी लिहायच्या. धान्य, वीज, शाळेची फी, औषधं, बूट, महिन्यातून एकदा बाहेर जेवण, अडीअडचण. बेरीज झाली. मावशी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या, कारण तो त्यांना वाटत होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा त्या दुपारच्या निवांत झोपल्या.

तेव्हापासून दर वर्षी नवं पान. किमती वाढल्या की आकडा वाढायचा, पण मावशी त्याच्यापुढे एक पैसा मजुरी घ्यायच्या नाहीत. यात कंजूषपणा शोधू नका. पानावर चांगला चहा होता, दरवर्षीची आठ दिवसांची सहल होती, पाठ दुखू नये म्हणून घेतलेली महागडी गादी होती. पुढे ‘म्हातारपण’ अशी ओळही आली. मावशी ऐटीत राहायच्या. फक्त ऐटीलासुद्धा एक रक्कम असते, हे त्यांना ठाऊक होतं. पाटी लागल्यावर एकदा एक मोटारवाले गृहस्थ आले, ‘परवडत नाही’ म्हणाले. मावशी म्हणाल्या, ‘बरोबर आहे, एवढी मोठी गाडी पोसायची म्हणजे काय परवडणार!’ गृहस्थांनी पूर्ण मजुरी दिली आणि वर माफीही मागितली.

लेक मात्र मोठी झाली ती वेगळ्याच वाटेनं. कॉलेज तिनं शिष्यवृत्तीवर आणि शिकवण्या करून काढलं, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात घर घेतलं. आणि नोकरी कसली, तर आरामात जगायला माणसाला किती पैसे लागतील ते लोकांना काढून देण्याची! तिथले आकडे ऐकले की मावशींना घेरी यायची.

एके दिवशी लेक आली ती एक प्रस्ताव घेऊनच. चष्म्याच्या मोठमोठ्या दुकानांची एक कंपनी होती. तिला मावशींची कोपऱ्यावरची जागा हवी होती. जागेचे भरपूर पैसे आणि वर मावशींना तिथेच नोकरी, पगार आकड्याच्या चौपट. पाटी अर्थातच बंद.

‘चौपट घेऊन मी करू काय?’ मावशी म्हणाल्या. ‘एका रात्री चार गाद्यांवर झोपू?’

‘आई, चेष्टा नको. उद्या तुझा हात थरथरायला लागला तर? डोळे गेले तर? बावीस वर्षांत तू काय कमावलंस?’ लेकीचा आवाज चढला. ‘तू गरीब आहेस, आई. फक्त तुला ते कळत नाही.’

शब्द जिव्हारी लागला. आजवर मावशींना कुणी भांडखोर म्हटलं होतं, विक्षिप्त म्हटलं होतं, पण गरीब कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणावं कुणी, तर पोटच्या पोरीनं, तेही ज्या विषयात ती तज्ज्ञ त्याच विषयात! मावशी सावकाश म्हणाल्या, ‘चोवीस तारखेला त्या कंपनीच्या साहेबाला घेऊन ये. माझं पान तू तपास. तुझ्या ऑफिसात तपासतेस तसंच, आई म्हणून सवलत नको. पान तोकडं निघालं तर मी सही करीन.’ मावशी दिलेला शब्द फिरवत नसत, हे लेकीला पक्कं माहीत होतं.

चोवीसला सकाळी कंपनीचा साहेब आला, कागद घेऊन. पाटी लागलेली होती आणि बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. लेक गल्ल्यामागे बसली, पान आणि दोन पासबुकं पुढ्यात घेऊन. मावशी चाकावर बसल्या. हात स्थिर होता, पण त्या दिवशी त्यांना भिंगाचा आवाज ऐकू येत नव्हता. सगळे कान लेकीच्या पेन्सिलीकडे होते.

लेकीनं महागाई धरली, आजारपण धरलं, नव्वदीपर्यंतचं आयुष्य धरलं. ‘म्हातारपण’च्या ओळीतून साठलेली रक्कम बघून ती थांबली. पुन्हा बेरीज केली. ‘हे पुरतं,’ ती हळूच म्हणाली. ‘उद्या दुकान बंद झालं तरी पुरतं. काटकसर न करता.’ मग तिची पेन्सिल एका ओळीवर अडली.

‘आई, ही शाळेची फी कुणाची?’

‘तुझी. आणखी कुणाची?’

‘मला शाळा सोडून बारा वर्षं झाली!’

चाक थांबलं. झालं होतं ते असं. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून पान उतरवायला मावशी एकट्याच बसायच्या. मागच्या वर्षीची ओळ वाचायची, नव्या पानावर लिहायची, महागाईचं थोडं वाढवायचं. फीसुद्धा दर वर्षी इमानेइतबारे वाढली होती! दहा तारखेला फीसाठी काढलेल्या खात्यात पैसे टाकायचा हात बसलेला, तो काही थांबला नव्हता. दुसरं पासबुक त्याचंच होतं.

मावशी शरमेनं अर्धमेल्या झाल्या. बाकावरच्या माणसांकडे त्यांना बघवेना. ‘म्हणजे बारा वर्षं मी पाटी उशिरा लावली? या लोकांकडून तुझी फी घेतली?’

बाकावरची एक बाई म्हणाली, ‘घेतलीत तर घेतलीत, मावशी. पोरगी शिकली ना!’ सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या हातून पेन्सिल घेतली, फीची ओळ खोडली आणि नवी बेरीज केली.

‘आता पाटी अठरा तारखेला लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘आणि या पासबुकातल्या पैशांतून या लोकांची भिंगं यायची. एकही पैसा इकडचा तिकडे करणार नाही.’

साहेब भला माणूस होता. त्यानं पगार पाचपट केला. मावशींनी त्याला पान दाखवलं आणि विचारलं, ‘यात कुठली ओळ राहिलीय ते सांगा, तिचे पैसे घेते.’ त्यानं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. मग कागद बॅगेत घातले, नमस्कार केला आणि निघाला.

लेक गल्ल्यामागेच बसून राहिली. बाकावरचं शेवटचं माणूस गेलं तरी उठली नाही. मग म्हणाली, ‘आई, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या पाच जणांचंसुद्धा असं पान नसतं. माझंही नाही. तुझ्या सहापट मिळवते मी, आणि वीस तारखेपासून जीव टांगणीला लागतो. मला माझा आकडा काढून देशील?’

अख्ख्या बाजारानं वाहवा केली असती तरी मावशींची छाती एवढी फुगली नसती. पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कोरं पान पुढे ओढलं.

‘बोल. कशावाचून अडतं तुझं?’

लेक गाडीचा हप्ता म्हणायला गेली, तो राहिला. घराचं कर्ज म्हणायला गेली, तेही राहिलं. मग तिनं आईच्या हाताकडे बघितलं.

‘तुझ्याकडे येऊन राहायला मिळत नाही, आई,’ ती म्हणाली.

मावशींनी तीच ओळ पानावर पहिली लिहिली आणि तिच्यापुढे शून्य घातलं.