निवृत्तीची नजर

१९६३ साली नागपूरहून सूक्ष्मदर्शकाखाली रोग ओळखण्याची विद्या शिकून मी खामगावच्या एका खाजगी दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा या भागात आपल्यासारखे आपणच, असं मला वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात निवृत्ती भेटला आणि माझं सुख संपलं.

निवृत्ती अमडापूरचा, सातवी पास. आधी जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचा. दवाखान्यात त्याचं काम एवढंच: रोग्याच्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ पापुद्रे कापायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि पट्टी माझ्यासमोर ठेवायची. पण हा गडी आधी पट्टी खिडकीच्या उजेडात धरायचा, मग सगळा तुकडा एकदम दिसावा म्हणून सगळ्यात लहान भिंगाखाली सावकाश फिरवायचा. मी थेट मोठ्या भिंगावर उडी मारायचो. आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर भगवानराव माझा अहवाल हातात घेऊन मलाच विचारायचे, "निवृत्ती काय म्हणते?" अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. हेवा वाटायचा, सरळच सांगतो.

अशात पिंपळगाव राजाच्या गोजरबाई आल्या. उजव्या हाताला, कोपराखाली, तीन आठवड्यांत बोराएवढी गाठ. तिचा तुकडा मी मोठ्या भिंगाखाली पाहिला. लांबट पेशी, जागोजागी दुभंगणाऱ्या. मांसातला कर्करोग म्हणजे सार्कोमा, हात कोपरावरून काढावा, असं मी लिहून टाकलं.

निवृत्ती दारात घुटमळला. "साहेब, मले तसं नाही दिसून राह्यलं. कर्करोगाचं सूत घट्ट असते, दाटून भरलेलं. हे तं पिंजलेल्या कापसावानी मोकळं हाय. अन् तीन हप्त्यात वाढून थांबलं, असं बाई सांगते."

"तू मेण काप," मी म्हणालो.

संध्याकाळी भगवानरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "काही नाही म्हणाला." इतकं सोपं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. सोमवारी हात काढायचं ठरलं.

रविवारी सकाळी मी वॉर्डातून चाललो होतो. गोजरबाई खाटेवर बसून डाव्या हाताने ताटात ओलं पीठ थापत होत्या. येईल त्याला विचारत होत्या तेच मलाही म्हणाल्या, "डाव्या हातानं भाकर गोल नाही होऊन राह्यली, साहेब. सवयीनं जमते का हो?"

मी तसाच परत फिरलो आणि पट्टी लहान भिंगाखाली लावली. समोर पिंजलेला कापूस होता. दुभंगणाऱ्या पेशी होत्याच, पण सगळ्या नेटक्या. वेडीवाकडी एकही नव्हती. कर्करोगासारख्या दिसणाऱ्या पण निरुपद्रवी अशा फसव्या गाठीबद्दल मी नागपुरात वाचलं होतं, आणि विसरलो होतो. अहवाल फाडला. नवा लिहिला: गाठ तेवढी काढा, हात ठेवा. खाली सही माझीच. भगवानराव खूश झाले, माझी पाठ थोपटली. निवृत्ती बाजूला मेण वितळवत होता. त्याने पुढचा तुकडा मेणात बसवला.

वर्षाने गोजरबाई आल्या. हात धडधाकट, गाठ परतली नव्हती. फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. "साहेब, तुमच्यामुळं," म्हणत त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

त्या गेल्यावर मी फडकं निवृत्तीकडे सरकवलं. "हे तुझं आहे," एवढंच म्हणालो.

त्याने एक भाकर उचलली, मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खा, साहेब. गोल जमली हाय."

मी खाल्ली. पण त्याचा तो मोठेपणाही मला सहन झाला नाही.